पैशाला तीन टाके

विणकामात टाके दोनच, सुलट आणि उलट. नीट बघितलं तर एकच. सुलट टाका मागच्या बाजूने बघितला की उलट दिसतो, आणि उलट टाका मागून सुलट. जाळी, वेणी, पानं, साबुदाणा अशी नावं असलेल्या सगळ्या विणी या दोघांचा क्रम बदलून, मध्येच दोन टाके एकत्र करून किंवा सुईवर एखादा वेढा जास्त घेऊन तयार होतात. मी सात वर्षांची असताना आईने मला हे सांगितलं, तेही कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता. पुढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सरांनी फळ्यावर लिहिलं, की कॉम्प्युटरला फक्त शून्य आणि एक कळतं, बाकी सगळं त्यातूनच बनतं. वर्गात बऱ्याच जणांना ते अद्भुत वाटलं. मला वाटलं, बरोबर आहे, आणखी कसं असणार?

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. वय २८. माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत चार्जरशेजारी कायम एक अर्धवट विणकाम असतं. सध्या मोजा आहे, जोडीतला दुसरा. विणणाऱ्या माणसाला पहिल्या मोज्याची जेवढी हौस असते तेवढी दुसऱ्याची नसते, त्यामुळे हा मोजा बराच काळ बॅगेत राहील असं दिसतंय.

मराठीत मागावर कापड काढणं आणि सुयांवर स्वेटर करणं या दोन्हींना आपण विणणंच म्हणतो, पण त्यांची रचना अगदी वेगळी आहे. मागावर उभा ताणा आणि आडवा बाणा असतो, ते एकमेकांच्या खालून-वरून जवळजवळ सरळ जातात. सुयांवरच्या विणीत धागा एकच. प्रत्येक टाका खालच्या टाक्यातून वर येतो आणि वरच्या टाक्याला धरून ठेवतो. स्वेटर ओढला की ताणला जातो तो याच्यामुळे: धागा फारसा लांब होत नाही, टाके आपला आकार बदलतात. आणि याच्याचमुळे स्वेटर उसवता येतो. शेवटचं टोक मोकळं केलं की ओळीमागून ओळ सुटत जाते आणि सगळा धागा परत हातात येतो.

आमच्या घरात उसवणं हा विणण्याचाच भाग होता. माझा पहिलीतला पिवळा स्वेटर तिसरीत उसवला गेला. आईने लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून तिची लडी केली, किटलीच्या वाफेवर धरून धाग्यात पडलेले वळसे सरळ केले, थोडी निळी लोकर जोडली आणि मोठा स्वेटर तयार केला. काही वर्षांनी त्याचा भावासाठी मफलर झाला. तो मफलर अजून आहे. त्यात कुठेतरी माझी पहिली आहे.

आम्ही नाशिकचे. बाबा सातपूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर होते. नाशिकला थंडी खरोखरची पडते, आणि जानेवारीत सकाळच्या पाळीला सायकलवरून निघणाऱ्या माणसाला स्वेटर लागतोच. दसरा झाला की आईकडे लोकर यायला लागायची. कॉलनीतल्या काकू, त्यांच्या बहिणी, बहिणींच्या जावा. लोकर गिऱ्हाइकाची, हात आईचे. ही लोकर म्हणजे बहुतेक वेळा ॲक्रिलिक, मेंढीचा तिच्याशी काही संबंध नसायचा, पण तिला सगळे लोकरच म्हणायचे. आईच्या पत्र्याच्या डब्यात सुयांच्या जोड्या रबर लावून नंबरवार ठेवलेल्या असायच्या. बॉर्डरला बारा नंबर, अंगाला दहा नंबर. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे मला तेव्हा फार उफराटं वाटायचं. ते जुनं ब्रिटिश माप आहे, तारेच्या गेजच्या नात्यातलं. दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर आणि बारा म्हणजे पावणेतीन. एकदा जेवताना मी हे उलटे नंबर का, असं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "आमच्याकडे पत्र्याचं गेज पण असंच असतं. मोठा नंबर, पातळ पत्रा." आई म्हणाली, "हो का?" त्या दोघांचं एकमेकांच्या कामाबद्दल झालेलं एवढंच बोलणं मला आठवतं.

*

विणकाम मला का आवडतं, याचं उत्तर दर काही वर्षांनी बदललं.

लहानपणी ते आईजवळ बसायचं निमित्त होतं. माझं पहिलं काम म्हणजे नुसत्या सुलट टाक्यांचा मफलर, जो मध्येच रुंद आणि मध्येच अरुंद होत गेला. हॉस्टेलला गेले तेव्हा रूममेटनी माझं नाव 'आजी' ठेवलं, आणि डिसेंबरात त्यातल्या दोघींनी गुपचूप टोपीची ऑर्डर दिली. तिथे मी फोनवर व्हिडिओ बघून गोल सुयांवर विणायला आणि मोज्याची टाच वळवायला शिकले. टाच हा विणकामातला सगळ्यात देखणा अल्गोरिदम आहे. ओळ पूर्ण करायची नाही, मध्येच थांबून मागे वळायचं, परतीलाही अलीकडेच थांबायचं, प्रत्येक फेरीत असं थोडं थोडं पुढेमागे करत जायचं, आणि सपाट चाललेली वीण आपोआप काटकोनात वळते. पहिल्यांदा ती वळली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि उठवून दाखवावं असं जागं कोणी नव्हतं.

नोकरीत आल्यावर कारण वेगळं झालं. मी दिवसभर जे बनवते ते हातात धरता येत नाही. तीन महिने केलेलं फीचर एका मीटिंगमध्ये 'सध्या थांबवू' म्हणून बाजूला पडतं आणि ते कुठे गेलं हे दाखवताही येत नाही. संध्याकाळी चार बोटं उंचीची वीण वाढलेली दिसली की बरं वाटतं. कॅमेऱ्याच्या चौकटीखाली हात चालू ठेवून मी मीटिंग जास्त नीट ऐकते, हे माझ्या टीमलाही आता माहीत आहे.

मग बाकीचे धागेही आले. क्रोशा आईकडूनच शिकले: साखळी, खांब, पुन्हा साखळी. दोन वर्षांपूर्वी सेवाग्रामला गेले होते तेव्हा टकळी घेऊन आले. पहिले पंधरा दिवस पेळूतून धागा निघायचा आणि वीतभर झाला की तुटायचा. बोटांची पकड किती सैल ठेवली की कापूस सुटतो आणि किती घट्ट केली की पीळ वर चढत नाही, हे कोणी सांगून कळत नाही. आता तासाभरात चाळीसेक मीटर सूत निघतं, तेही एकेरी. मोठ्या माणसाच्या स्वेटरला सुमारे बाराशे मीटर लोकर लागते. टकळी हातात घेतल्यापासून दुकानातल्या गुंड्याकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघते.

या सगळ्याला लोक एक शब्द वापरतात: छंद. ऑफिसात कौतुकाने म्हणतात, "काय भारी हॉबी आहे, एकदम थेरपी!" गेल्या वर्षी माझा लग्नाचा बायोडेटा तयार करताना मावशीने स्वतःहून ओळ घातली, 'छंद: विणकाम, भरतकाम'. भरतकाम मला येत नाही. मी तसं सांगितलं तर म्हणाली, "असू दे गं, जोडीने बरं दिसतं. इंजिनिअर मुलगी म्हटलं की लोकांना वाटतं घरातलं काही येत नसेल." म्हणजे ऑफिसात विणकाम ही चैन आणि बायोडेटात ती घरेलूपणाची खूण. शब्द मात्र दोन्हीकडे तोच. माझ्या बाबतीत तो खोटाही नाही. माझं घरभाडं विणकामावर चालत नाही. मी कंटाळले की सुया ठेवून देऊ शकते.

आईला त्या ठेवता येत होत्या का, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला नव्हता.

*

बाबा निवृत्त झाले तेव्हा कारखान्यातल्या मित्रांनी छोटासा कार्यक्रम केला. शाल, नारळ, फोटो. बाबा सहसा बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले. कामाबद्दल, संपाबद्दल, जुन्या मशीनबद्दल. शेवटी म्हणाले, "एकट्याच्या पगारावर दोन पोरं शिकवली, याचं समाधान आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईनेही वाजवल्या. बाबा चांगले गृहस्थ आहेत, त्यांना आईचं काही काढून घ्यायचं नव्हतं. ते वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं होतं, की ते कोणालाच टोचत नव्हतं.

मला टोचलं, कारण त्याच्या आदल्या महिन्यात सुयांचा डबा पुण्याला आणताना त्याच्या खाली मला आईची वही सापडली होती. दोनशे पानी. प्रत्येक ओळ साधारण अशी: 'खालच्या मजल्यावरच्या काकू, मिस्टरांचा, छाती ३८, टाके १०६, मरून, व्ही गळा, १५०.' शेवटचा आकडा रुपयांचा. २००३ ते २०१३ असे अकरा हिवाळे. स्वेटर, बंडी, मफलर, बाळंतविड्यातले टोपडं-मोजे. वहीच्या मागच्या पानांवर दुसरी यादी: मिक्सर. फ्रिजचा पहिला हप्ता. भावाची सायकल. आणि २०१३ च्या जूनमध्ये, माझ्या नावापुढे, 'क्लास, पहिला हप्ता, १५०००'. अकरावीचा तो क्लास नसता तर पुढचं इंजिनिअरिंग झालं असतं की नाही, सांगता येत नाही.

मी शीट उघडली आणि हिशेब मांडला. अशा गोष्टी करायचा मला पगार मिळतो.

३८ छातीच्या स्वेटरची पुढची आणि मागची बाजू मिळून, मुंढे आणि गळा वजा करून, साधारण ३१ हजार टाके होतात. दोन बाह्यांचे १९ हजार. एकूण ५० हजार. आई मिनिटाला ३० टाके घालते, हे मी तिच्या नकळत फोनवर वेळ लावून मोजलं. म्हणजे २८ तास, आणि शिवून, गळ्याची पट्टी करून, टोकं लपवून आणखी दोन. ३० तासांचे १५० रुपये. ताशी पाच रुपये. पैशात मोजलं तर ५० हजार टाक्यांना १५ हजार पैसे. पैशाला तीन टाके, वर थोडे फुकट.

सगळी वही भरून झाली तेव्हा खाली बेरीज आली: ३१२ नग, ३४,४१० रुपये. लहानमोठे नग धरून सरासरी वीस तास लावले तर सहा हजार दोनशे चाळीस तास होतात. आठ तासांची पाळी आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर ती अडीच वर्षांहून जास्त नोकरी आहे. ती तिने डाळ शिजेपर्यंत, टीव्हीवरच्या मालिकेत, माझा अभ्यास घेताना आणि आम्ही झोपल्यावर केली. ती काय करते असं शाळेच्या फॉर्मवर विचारलं की आम्ही 'गृहिणी' लिहायचो.

*

हे फक्त आमच्या घरातलं आहे असं मला काही दिवस वाटत होतं.

नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी आंध्र प्रदेशात जिथे समुद्राला मिळते, त्याच्या अलीकडे नरसापूर नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या गरीब बायकांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे ती आसपासच्या खेड्यांत पसरली आणि तिथून युरोप-अमेरिकेपर्यंत विकली जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ तिथे राहून अभ्यास करून गेल्या, आणि त्यांचं 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक १९८२ मध्ये आलं. त्यांनी दाखवलं ते असं: हजारो बायका घरचं सगळं करून दिवसाचे कित्येक तास लेस विणत होत्या, माल परदेशी जात होता, मधले व्यापारी श्रीमंत होत होते, आणि तरी सगळे, कधीकधी त्या बायकासुद्धा, या कामाला रिकाम्या वेळेतला उद्योग म्हणत होते. विणणारी ही कामगार नव्हे, गृहिणी. गृहिणीला पोट भरण्यापुरती मजुरी द्यायची गरज नसते, कारण तिचं पोट नवरा भरतो असं धरलेलं असतं. प्रत्यक्षात तो भरत असो वा नसो. 'रिकामा वेळ' या दोन शब्दांवर एक अख्खा निर्यातीचा धंदा उभा होता.

हे वाचताना मला त्या गावाचा नकाशा डोळ्यापुढे आला नाही. आमचा दिवाण आला, त्याच्यावर पाय दुमडून बसलेली आई आणि तिच्या मांडीवरचा मरून स्वेटर.

दुसरी गोष्ट माझ्याच क्षेत्रातली. अपोलो यानांतल्या कॉम्प्युटरची कायमस्वरूपी मेमरी हाताने ओवलेली होती. चुंबकीय धातूच्या बारीक कड्या, आणि त्यांच्यातून जाणारी तार. तार कडीतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. अमेरिकेत मॅसेच्युसेट्समधल्या वॉल्थॅम इथे रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायका समोरासमोर बसून ती तार सुईने आरपार देत होत्या. पुढची कडी कोणती, हे पंच केलेल्या टेपवर चालणारं यंत्र समोर आणून दाखवायचं. तार ओवायची माणसाने. असे ३६,८६४ शब्द, प्रत्येकी सोळा बिट. तुमच्या फोनमधल्या एका फोटोला याच्या कितीतरी पट जागा लागते. पण १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तो या ओवलेल्या प्रोग्रामवर. ओवायला आठवडे लागायचे, म्हणून प्रोग्राम उड्डाणाच्या बराच आधी पक्का करावा लागे. एकदा ओवला की बदल जवळपास अशक्य.

अभियंत्यांमध्ये या मेमरीला एक टोपणनाव होतं, 'एलओएल मेमरी'. त्याचा अर्थ हसणं नव्हे. लिटल ओल्ड लेडीज. म्हाताऱ्या बायकांची मेमरी. प्रोग्राम लिहिणाऱ्यांची नावं आज सहज सापडतात. ओवणाऱ्यांच्या फोटोंखाली बहुतेक वेळा फक्त कारखान्याचं नाव असतं. मी ज्या कामाचा पगार घेते आणि आई ज्या कामाचे पैशाला तीन टाके घेत होती, ती दोन कामं त्या कारखान्यात एकाच टेबलावर, एकाच तारेत होती.

तिसरी गोष्ट तुम्ही कदाचित आज घातलेली असेल. सुयांवरच्या विणीत ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात, म्हणून प्रत्येक टाक्याला एक आकडा दिला की यंत्र अख्खी ओळ विणू शकतं. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्येच मोजे विणायचं यंत्र बनवलं. क्रोशात मात्र उघडा टाका सहसा एकच असतो, आणि पुढचा टाका घालायला आकडी विणून झालेल्या भागात कुठेही शिरते. यंत्राला ते नेमकं छिद्र शोधणं फार अवघड जातं. दिसायला क्रोशासारखी लेस यंत्रावर निघते, पण खराखुरा क्रोशा बाजाराला पुरेल एवढा विणणारं यंत्र अजून आलेलं नाही. म्हणजे दुकानात हँगरला लटकलेला खऱ्या क्रोशाचा प्रत्येक टॉप कोणीतरी हाताने विणलेला असतो. गेल्या महिन्यात मॉलमध्ये असा एक टॉप बघितला, १,२९९ रुपये. मैत्रीण म्हणाली, "महाग आहे ना?" मी खांब मोजत उभी होते. मला तो करायला किमान दहा तास लागतील. त्या १,२९९ मधून दुकानाचं भाडं, कर, वाहतूक, दलाली आणि सूत वजा केल्यावर दहा तासांच्या वाट्याला काय येत असेल, हे मोजायला शीटची गरज नव्हती.

*

"तू हे विकत का नाहीस?" हा प्रश्न मला आठवड्याला एकदा तरी येतो. इन्स्टावर पेज काढ, रील टाक, लोक वेडे होतील. विचारणाऱ्याच्या मनात कौतुक असतं. पण माझ्या एका तासाचे माझी कंपनी क्लायंटला जे पैसे लावते, त्या दराने तीस तास धरले तर स्वेटर स्कूटरच्या किमतीचा होईल. तो कोणी घेणार नाही. मी हौसेने पाचशेला दिला, तर जिचं घर त्यावर चालतं तिला गिऱ्हाईक सांगेल, की पुण्यात एक मुलगी पाचशेला देते. मला परवडतं म्हणून मी कमी घेतलं, तर तो कमीपणा तिच्या दराला लागतो. म्हणून मी विकत नाही. देते, ज्यांना द्यायचं त्यांना. आणि हाताने केलेलं विकत घेते तेव्हा घासाघीस करत नाही.

दिवाळीला घरी गेले तेव्हा आईला वही दाखवली. ती आधी लाजली, मग पानं उलटून कोणाचा स्वेटर कसा झाला होता ते सांगत बसली. मी विचारलं, "तुला कधी राग नाही आला? एवढं करून दीडशे रुपये?"

"राग कसला? जास्त सांगितले असते तर बाजारातून रेडिमेड आणला असता त्यांनी."

"मग केलंस कशाला?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. आता तिचा उजवा अंगठा दुखतो, अर्ध्या तासापेक्षा जास्त विणता येत नाही. अंगठा चोळत म्हणाली, "मला आवडायचं गं. हातात सुया असल्या की डोकं शांत राहायचं. आणि पैसे लागायचे. दोन्ही होतं. तू असं का विचारतेस, की त्यातलं एकच खरं असायला पाहिजे?"

त्यानंतर मी या वहीचा विचार वेगळ्या तऱ्हेने करते. छंद म्हटलं की तिचे सहा हजार तास गायब होतात, आणि नुसती मजुरी म्हटलं तर वेणीच्या विणीत तिने स्वतःहून घातलेला जादाचा पीळ गायब होतो, ज्याचे पैसे तिला कोणी देणार नव्हतं. वहीत अशा विणींच्या शेजारी तिने छोटीशी चांदणी काढून ठेवली आहे. एकूण ४७ चांदण्या आहेत. आता दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती सांगते आणि मी त्यातली एकेक वीण विणून नमुना करते, कारण त्या कुठेच लिहिलेल्या नाहीत, फक्त तिच्या बोटांत आहेत. एकवीस झाल्या. एखादी ती सांगू शकत नाही, तेव्हा दुखऱ्या अंगठ्याने स्वतः दोन ओळी विणून दाखवते, आणि मी स्क्रीनवर तिच्या हातांकडे बघत टाके लिहून घेते.

बाबांना शीट दाखवायची की नाही, यावर माझं आणि भावाचं दोन दिवस बोलणं चाललं होतं. भाऊ म्हणाला, कशाला उगाच त्यांना दुखवतेस. शेवटी भाऊबीजेच्या दुपारी मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि काही न बोलता बाजूला बसले. बाबांनी चष्मा लावला. कारखान्यात जॉबकार्ड तपासावं तशी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. तारीख, नग, टाके, तास, रुपये. खालच्या बेरजेवर बराच वेळ थांबले. मी वाट बघत होते, की आता ते सफाई देतील, किंवा उठून बाहेर जातील.

"हे तास असे सलग मांडून चालणार नाही," ते म्हणाले.

"का? वीस तास सरासरी धरलेत. कमीच धरलेत."

"सरासरीचं नाही म्हणत मी. दिवसभर स्वयंपाक, धुणं, तुमच्या शाळा. तिची पाळी तिथेच भरायची. ही सगळी विणायला बसायची ती त्याच्यावर. रात्री साडेबारा-एक वाजायचा. मी दुसऱ्या पाळीवरून यायचो तेव्हा दिवा चालूच असायचा." त्यांनी स्क्रीनवर दराच्या रकान्यावर बोट टेकवलं. "पाळी भरल्यावरचं काम म्हणजे ओव्हरटाइम. ओव्हरटाइमला डबल रेट असतो. कायदा आहे."

कायदा तेव्हा होता खरा, कारखान्यांचा, १९४८ चा. मी लॅपटॉप जवळ ओढला आणि दराशेजारी एक रकाना वाढवला.

"अहो," आई आतून म्हणाली, "बोनस पण धरा."